घरामागचा कातळ लेव्हल करून पार्किंग करायचंय, पण तिथे आंबोली टोड अंडी घालतो म्हणतात. काय करावं?

भाचा_ठाण्याचा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, पण पूर्ण वाचून मगच सल्ला द्या प्लीज.

माझ्या मावशीचं आंबोलीला घर आहे, गावापासून थोडं बाहेर, चौकुळकडे जाताना. काका रिटायर झाल्यावर दोन खोल्या वाढवून होमस्टे सुरू केला, पावसाळ्यात बऱ्यापैकी चालतो, शनिवार-रविवार तर नाही म्हणायची पाळी येते. आता भानगड आहे गाड्यांची. लोक रस्त्याच्या कडेला लावतात आणि तिथलं धुकं माहित्ये ना, दहा फुटांवरचं दिसत नाही, कधीतरी कोणीतरी ठोकणार हे नक्की. म्हणून काकांनी ठरवलंय की घरामागे जो उघडा कातळ आहे, सातेक गुंठे असेल, तो जेसीबीने सपाट करायचा, खड्डेबिड्डे मुरूम टाकून बुजवायचे आणि वर पेव्हर ब्लॉक बसवायचे. तिथे तसंही काही उगवत नाही, आंबा नाही काजू नाही, उन्हाळ्यात तर चप्पल घालून पण चालवत नाही इतका तापतो.

पण माझी मावसबहीण झूऑलॉजीला आहे, ती घरी आली सुट्टीला आणि तिने हे ऐकून जो काय दंगा केलाय! तिचं म्हणणं त्या कातळावरच्या डबक्यांत आंबोली टोड म्हणून एक बेडूक अंडी घालतो, तो जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि तुम्ही त्याचं बाळंतपणाचं घर पेव्हर ब्लॉकखाली घालताय. काका म्हणतात आमच्या अंगणात ट्यूबलाइटखाली रोज रात्री बेडकांची सभा भरते, त्यातलाच असेल एखादा, त्याला काय सोनं लागलंय. मग समेट म्हणून काका म्हणाले की ठीक आहे, मी कोपऱ्यात सिमेंटची मोठी टाकी बांधून देतो, अंडी-पिल्लं उचलून त्यात टाका, पाणी कायम राहील, उलट सोयच होईल बेडकांची. मला हे ऐकायला रास्त वाटलं पण बहीण अजून फुगलेलीच आहे.

तर ह्यातलं खरं किती? खरंच फक्त आंबोलीत असतो का, अंगणातल्या बेडकापासून वेगळा ओळखायचा कसा, आणि टाकीचं चालेल का? जेसीबीवाला मेच्या तिसऱ्या आठवड्यात यायचाय, पावसाच्या आत काम उरकायचं म्हणून.

सडाफिरस्ता

मावसबहिणीला माझ्याकडून एक कडक चहा पाजा, मुद्दा बरोबर आहे तिचा.

आधी ओळखीचं. अंगणात ट्यूबलाइटखाली जे बसतात ते आपले नेहमीचे मोठे टोड, मूठभर आकाराचे, अंगभर चामखिळी, डोक्यावर डोळ्यांच्या भोवती काळ्या कडा उठून दिसतात आणि डोळ्यांच्या मागे दोन फुगीर ग्रंथी, त्यातनं पांढरा चीक निघतो. ते मुंबईच्या सोसायटीच्या गटारापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सगळीकडे आहेत, त्यांची काळजी नको. आंबोली टोड त्यांच्यासमोर अगदीच चिमुकला, तीन-चार सेंटिमीटरचा, वरून मातकट तपकिरी आणि दोन्ही कुशींवर पिवळेधमक वेडेवाकडे पट्टे. हे पट्टे बघूनच त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्रीन टायगरीना ठेवलंय. पण एक सावधगिरी, नेहमीच्या टोडची पोरं पण लहानच असतात, त्यामुळे नुसत्या आकारावर जाऊ नका, कुशीचा फोटो काढा.

आता हा फक्त आंबोलीत का. ही जात म्हणून जगाला कळली २००९ मध्ये, म्हणजे अगदी कालपरवा. त्याच्या आधी १९६३ साली सोमण यांनी कोयनेच्या भागातून एक छोटा टोड नोंदवला होता, तेव्हा त्याला बाकीच्या टोडांच्याच बुफो ह्या मोठ्या घराण्यात टाकलं होतं. २००९ ला बिजू, वरद गिरी आणि परदेशातले काही संशोधक यांनी कोयनेचा आणि आंबोलीचा असे दोन्ही बघितले, डीएनए तपासला, तर हे दोघं एकमेकांचे सख्खे आणि बाकी सगळ्या टोडांपासून लांबचे निघाले. म्हणून त्यांच्यासाठी झँथोफ्रीन हे वेगळंच घराणं करावं लागलं. अख्ख्या जगात ह्या घराण्यात दोनच जाती, एक कोयना-चांदोलीकडे आणि एक आंबोलीला, म्हणजे दोन्ही महाराष्ट्राच्या सह्याद्रीत. वाघ नागपूरलाही आहे आणि सायबेरियातही आहे. हा नाही. आययूसीएन ह्या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या लाल यादीत कोयनेचा एन्डेंजर्ड (धोक्यात) आहे आणि आंबोलीचा क्रिटिकली एन्डेंजर्ड (अतिधोक्यात), त्याच्यापुढची पायरी म्हणजे जंगलातून नामशेष. ही वरची पायरी इतक्या लहान टापूत राहणाऱ्या जातीला का देतात तर एकाच ठिकाणी काही बिघडलं की सगळं संपलं, दुसरीकडे शिल्लक काहीच नाही.

आणि "तिथे काही उगवत नाही" हे काकांचं वाक्य, यात काकांची चूक नाही हो, सरकारी नकाशातसुद्धा असे सडे, म्हणजे उघडे कातळपठार, पडीक जमीन म्हणूनच रंगवलेले असतात. पण जुलैत जाऊन बघा त्याच कातळावर. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू.. दवबिंदू तर कीटक खाणारी वनस्पती आहे, कारण जांभ्यात खायला काही नसतं म्हणून ती माशा पकडते. कातळाला जेमतेम बोटभर माती असते आणि तेवढ्यावर हे सगळं चार महिन्यांत उगवून फुलून बी टाकून मोकळं होतं. टोडचा हिशोब पण तसाच आहे, त्यावर वेगळं लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

रांगडा_गडी

हे म्हणजे फारच झालं. माणसाने रिटायर झाल्यावर चार पैसे कमवू नयेत का? तीन सेंटिमीटरच्या बेडकासाठी पार्किंग थांबवायचं, उद्या म्हणाल डासासाठी फवारणी थांबवा. लाखो वर्षांत किती जाती आल्या नि गेल्या, निसर्ग बघून घेईल त्याचं तो. आणि मुंबई-पुण्याचे लोक शनिवारी गाडी काढून तिथे जाणार, धबधब्याखाली नाचणार, कणीस खाऊन कचरा करणार, आणि ज्ञान मात्र तिथल्या माणसाला देणार की तू कातळ फोडू नकोस.

पावसाळी_पणजीकर

अहो कसला दुर्मिळ? आमच्याकडे पहिला पाऊस पडला की शेतात शेकड्याने पिवळेजर्द बेडूक येतात, रात्रभर असे ओरडतात की झोप लागत नाही. पिवळा तर पिवळा. तुमच्या काकांना सांगा घाबरू नका.

सडाफिरस्ता

@पणजीकर, तुम्ही म्हणताय तो बुलफ्रॉग. नर एरवी हिरवट असतो, पहिल्या पावसात लिंबासारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, मादी काही पिवळी होत नाही. तो भलामोठा बेडूक, टोड नव्हे, आणि भाताच्या शेतात राहणारा. नेटवर शोधताना नुसतं टायगरीना टाकलं तर बऱ्याचदा त्याचेच फोटो येतात कारण त्याच्या नावातही टायगरिनस आहे, त्यामुळे गोंधळ होतो. बाय द वे तुमच्याकडे त्याचं जम्पिंग चिकन करून खातात ना, कायद्याने बंदी असून? १९८७ ला सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली पण पावसाळ्यात बॅटरी आणि पोतं घेऊन हिंडणारे अजून हिंडतातच.

@रांगडा, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत आहे, त्यावर खाली कुणीतरी स्थानिक बोलेलच. पण डासाची तुलना जमत नाही. डास फवारणी करूनही मरत नाहीत, हा एका उन्हाळ्यात एका जेसीबीने जाऊ शकतो.

आता टाकीबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. काकांचा हेतू चांगला आहे पण टाकी चालणार नाही, का ते सांगतो.

हा टोड वर्षातला बहुतेक काळ सड्यावरच्या सुट्या दगडांखाली, फटीत वगैरे काढतो. मेअखेर-जूनच्या सुरुवातीला वळवाच्या सरी आणि मान्सूनचे पहिले पाऊस पडले की कातळावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचतं, आणि तेवढ्या थोडक्या दिवसांत नर-मादी तिथे गोळा होतात, जुळतात, अंडी घालतात. खळगे म्हणजे किती, काही तर बोटभरही खोल नाहीत. मोठी डबकी, तळी, ओढा सगळं जवळ असताना हा मुद्दाम असल्या फालतू दिसणाऱ्या पाण्यात का जातो? कारण त्या पाण्यात मासे नसतात. टिकाऊ पाण्यात मासे असतात, खेकडे असतात, चतुरांची पाण्यातली पिल्लं असतात ती तर बेडूकमाशांची शत्रू नंबर एक. काल भरलेल्या खळग्यात ह्यातलं अजून कोणी पोचलेलं नसतं. शिवाय पाणी उथळ, खाली काळा कातळ, ऊन पडलं की लगेच कोमट होतं आणि कोमट पाण्यात पिल्लं भराभर वाढतात. खायला दगडावर धरलेलं शेवाळ. जोखीम एकच, पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की खळगा आटतो आणि अख्खी पिढी वाळून जाते. म्हणजे हा दर वर्षी सट्टा खेळतो, शत्रू पोचायच्या आधी आणि पाणी आटायच्या आधी पाय फुटून बाहेर पडायचं. नेहमीचा टोड लांबलचक माळांमध्ये हजारो अंडी सोडतो, ह्याची अंडी त्यामानाने अगदीच थोडी. २०१६ मध्ये निखिल गायतोंडे, वरद गिरी आणि कृष्णमेघ कुंटे यांनी ह्या दोन टोडांच्या प्रजननावर पेपर लिहिलाय, मावसबहिणीला कॉलेजच्या लायब्ररीतून मिळेल, तिला सांगा वाच.

आता ह्या सगळ्याच्या जागी सिमेंटची टाकी ठेवून बघा. पाणी खोल आणि गार, शेवाळ नाही, नव्या सिमेंटचं पाणी पहिले कित्येक आठवडे चुन्यासारखं क्षारयुक्त असतं ते वेगळंच. पाणी कायम राहील म्हणजे डास होणार, डास झाले की कोणीतरी गप्पी मासे आणून सोडणार, आणि गप्पी मासे जशा डासांच्या अळ्या खातात तशी बेडकांची अंडी आणि बारकी पिल्लं पण खातात. उभ्या गुळगुळीत भिंतीवरून तीन सेंटिमीटरचा प्राणी बाहेर कसा येणार हा अजून एक प्रश्न. आणि समजा सगळं जमलं, पिल्लं मोठी झाली, तर ती राहणार कुठे? दगड-फटी पेव्हर ब्लॉकखाली गेलेल्या. अंडी हलवता येतात हो, सडा हलवता येत नाही.

अजून एक, एका डबक्यातलं पाणी-पिल्लं दुसरीकडे नेताना रोग पण जातात. काइट्रिड नावाची बुरशी आहे जिने जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या, ती उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर सापडल्याचं २०१३ सालीच छापून आलंय. इथे अजून तिने अमेरिका-ऑस्ट्रेलियासारखा हाहाकार केलेला नाही, पण म्हणून आपण बादल्या घेऊन हौसेने पसरवायची गरज नाही.

भाचा_ठाण्याचा

बापरे. टाकीचा विषय संपला मग. हे काकांना वाचून दाखवलं, ते गप्पी माशांपाशी आले आणि हसायलाच लागले कारण त्यांनी खरंच विचार केला होता मासे सोडायचा.

पण गाड्यांचं काय हा प्रश्न तसाच आहे ना. आणि काकांचा अजून एक मुद्दा जो मला पटतो, त्या रस्त्याला आजूबाजूला तीन रिसॉर्ट झाले, त्यांनी कातळ फोडला तेव्हा कुणी काही बोललं नाही, मग आम्हीच का.

घाटमाथ्यार

भाच्या, मी थंयलोच. तुमका खरा सांगू काय, तुझ्या काकाचा बोलणा चुकीचा नाय. बाकीच्यांका कळावा म्हणून पुढे पुस्तकी मराठीत लिहितो.

आमच्याकडे जमिनीचं दुखणं जुनं आहे. आंबोली, गेळे, चौकुळ ह्या तीन गावांत कबुलायतदार गावकर म्हणून पद्धत होती, म्हणजे गावाची जमीन सामाईक, मग सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन लागलं, लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. त्यामुळे गावातल्या माणसाला स्वतःच्या नावावर थोडी जमीन, त्यात तो काय करायला गेला की बाहेरचा माणूस येऊन सांगतो की इथे दुर्मिळ अमुक आहे. राग येणारच. पण गावातल्या पोरांनी गेल्या काही वर्षांत बघितलंय की पावसाळ्यात फक्त धबधब्यावर येणारा टुरिस्ट वेगळा, तो दोन तास थांबतो, भजी खातो, बाटल्या टाकतो, जातो. बेडूक-साप बघायला येणारा दोन-दोन रात्री राहतो, गाइड घेतो, घरचं जेवण जेवतो. आंबोलीत आज कितीतरी घरं त्यावर चालतात. तुझ्या काकाचा होमस्टे कुठल्या गिऱ्हाइकावर चालतो ते त्यांना विचार एकदा.

रस्त्याचं मात्र सगळ्यात वाईट आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की रात्री हे सगळे प्राणी रस्त्यावर येतात, टोड, बेडूक, साप, देवगांडुळं (गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे उभयचर), आणि वीकेंडला संकेश्वर-बांदा रस्त्यावर गाड्यांची रांग. सकाळी फिरायला गेलं की डांबरावर नुसते चपटे ठिपके. टोड उडी मारून पळत नाही, हळूहळू चालतो, उजेड पडला की तिथेच थिजतो. सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे, वायपर लावून पण काही दिसत नाही, त्यात एवढासा जीव कोणाला दिसणार.

आता उपाय. एक, कातळ फोडायचा किंवा दगड-मुरूम उचलायचा म्हणजे गौण खनिज, त्याला तहसीलदाराची परवानगी लागते, काकांनी काढली आहे का बघा, नसेल तर दंड जबर बसतो. दोन, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, २००२ च्या कायद्याने. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडून असते ते सोडा. पण त्यात हा कातळ टोडची अंडी घालायची जागा म्हणून लिहून घ्या. उगाच नाही सांगत, हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडात बोटभर लांबीचा मासा सापडला, २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि २०२१ ला सरकारने ती २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवळाच्या कुंडातला मासा, आम्ही लहानपणापासून बघतोय, कोणाला काय पडलेली नव्हती. आता लोक खास बघायला येतात.

तिसरं म्हणजे रिसॉर्टवाल्यांचं. त्यांनी फोडला तेव्हा आम्ही गप्प होतो, कारण तेव्हा गावात निम्म्या लोकांना रोजगार दिसत होता. म्हणून उरलेला कातळ आता जास्त मोलाचा झालाय, एवढंच.

टॉर्च_आणि_ट्रायपॉड

फोटोवाल्यांच्या बाजूने एक-दोन गोष्टी, कारण आमच्या जमातीनेही कमी नुकसान केलेलं नाही. दगड उलटा करून खाली टोड आहे का बघायचं आणि दगड तसाच टाकून पुढे जायचं हे सर्रास चालतं. दगडाखालची ओल हेच त्याचं उन्हाळ्यातलं जगणं, तो उलटा राहिला की एका दुपारात जागा सुकते. मी स्वतः एका ग्रुपला खळग्यात गुडघे टेकून मॅक्रो काढताना बघितलंय, ज्याचा फोटो काढायचा त्याचीच अंडी गुडघ्याखाली. काहीजण जोडी उचलून हिरव्या पानावर ठेवतात बॅकग्राउंड छान येतं म्हणून. सड्यावरचा टोड हिरव्या पानावर! फोटो बघूनच कळतं की उचलून ठेवलाय.

भाचेबुवा, होमस्टेत फोटोग्राफर येणार असतील तर काकांनी सरळ नियम लावावा: कातळावर मेअखेर ते जुलै काकांच्या किंवा मुलीच्या सोबतीशिवाय पाय ठेवायचा नाही, चालायचं ते कोरड्या उंचवट्यावरून, बेडूक हाताळायचे नाहीत, आणि येताना बुटांचा चिखल धुऊन वाळवून या. हे ऐकून जो कुरकुर करेल तो गिऱ्हाईक नकोच तुम्हाला.

आणि मुलीला सांगा की फोटो काढून आयनॅचरॅलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ह्या निसर्गनोंदींच्या साइटवर टाक. आयनॅचरॅलिस्टवर धोक्यातल्या जातींचं अचूक ठिकाण आपोआप धूसर होतं, ते बरं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र लोकेशन पिन टाकू नका, पुढच्या शनिवारी वीस जण दारात उभे राहतील.

रांगडा_गडी

घाटमाथ्यारचं वाचून जरा गप्प बसलो. पण तरी प्रॅक्टिकल कोणीच बोलत नाहीये, गाड्या लावायच्या कुठे ते सांगा. नुसतं करू नका करू नका.

सडाफिरस्ता

प्रॅक्टिकल बोलू. भाचेबुवा, घराची जागा डोळ्यासमोर आणून उत्तर द्या: पुढे खळं किती मोठं आहे, खळ्याच्या बाजूला मातीची जागा आहे का, आणि कातळाचा उतार घराकडे आहे की घरापासून लांब?

भाचा_ठाण्याचा

काकांशी बोलून सांगतोय. पुढचं खळं चांगलं मोठं आहे, त्याच्या डावीकडे जुनी पडकी गोठ्याची जागा आहे, माती आहे तिथे, पण अडगळ भरलेली आहे, लाकडं, जुने पत्रे, बांधकामातनं उरलेले चिरे. कातळाचा उतार घरापासून लांब, मागच्या झाडीकडे. आणि कातळ सगळा सारखा नाहीये, घराजवळचा एक पट्टा उंच आणि कोरडा आहे, तिथे पाणी साचत नाही म्हणे, खळगे सगळे मधल्या भागात आणि पलीकडे.

सडाफिरस्ता

मग तर पार्किंग सापडलंच की. गोठ्याची जागा! अडगळ काढा, तिथे चार गाड्या आरामात आणि खळ्यात दोन, होमस्टेला दोन-तीन खोल्याच असतील तर एवढं पुष्कळ झालं. मातीत गाड्या रुतू नयेत म्हणून ते उरलेले चिरेच बसवा, पेव्हर ब्लॉकचा खर्च पण वाचला. चिऱ्यांची रास हलवताना हाताने हलवा आणि खाली बघून, तिथे पण कोणीतरी राहत असणार, विंचू तर नक्कीच.

उताराचं मुद्दाम विचारलं कारण पाणी. गाड्या कातळाच्या वरच्या बाजूला लावल्या तर सांडलेलं ऑइल, गाडी धुतलेलं साबणाचं पाणी सगळं वाहत त्या खळग्यांत जातं, आणि बोटभर पाण्यात साबणाचा एक मगसुद्धा पुरतो. तुमचा कातळ घरामागे, उतार लांब जाणारा, म्हणजे मोरीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी मागे सोडलेलं असेल तर तेही त्यातच जात असणार! ते आधी बघा. पाइप फिरवून पुढच्या बाजूला शोषखड्ड्यात घ्या. मला तर वाटतं पार्किंगपेक्षा हे जास्त महत्त्वाचं निघेल.

मागे एखादा लाइट असेल तर जूनमध्ये तेवढे पंधरा-वीस दिवस बंद ठेवा. उंच कोरडा पट्टा आहे त्यावर पण काही बांधू नका, सुटे दगड असतील तर ते तसेच राहू द्या, खळगे अंड्यांसाठी आणि दगड राहण्यासाठी, दोन्ही लागतं त्याला. गुरं गेली तर चालतात, गुरं आणि सडा शेकडो वर्षं एकत्र नांदतायत.

पावसाळी_पणजीकर

बुलफ्रॉगचं कळलं, आभारी. जम्पिंग चिकन आमच्या घरी कोणी खात नाही हे नमूद करून ठेवतो! जूनमध्ये आंबोलीला येणं होतं नेहमी, रात्री घाट चढायचा टाळला तर काही फरक पडतो का खरंच, की आपलं मनाचं समाधान?

घाटमाथ्यार

पडतो. पहिल्या पावसाचे ते थोडे दिवस सोडले तर एवढी गर्दी रस्त्यावर नसते, म्हणून तेवढ्याच रात्री जपल्या तरी पुष्कळ. उजेडात पोचा, नाहीच जमलं तर वरच्या सपाटीला वीस-तीसच्या पुढे जाऊ नका. घाटापेक्षा वरती गावातल्या रस्त्याला जास्त मरतात, कारण सडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि त्यांना इकडून तिकडे जावंच लागतं.

भाचा_ठाण्याचा

अपडेट देतो. काकांनी जेसीबीवाल्याला फोन केला, तो म्हणाला ॲडव्हान्स परत मिळणार नाही, मग त्याच्याकडून गोठ्याच्या जागेतली अडगळ काढून घ्यायचं ठरलंय, म्हणजे ते पैसे पण वसूल. मोरीचं पाणी खरंच मागे जात होतं! प्लंबर बघतोय. मावसबहीण आता खडू घेऊन खळग्यांना नंबर टाकत फिरतेय, कुठल्यात पाणी किती दिवस टिकतं ते लिहून ठेवणार म्हणे.

एकच शेवटचं. काकांना आता उलट उत्साह आलाय, ते म्हणतात मधले दोन-तीन खळगे छिन्नीने जरा खोल करून देऊ का, म्हणजे पाऊस थांबला तरी आटणार नाहीत. करू द्यावं का?

सडाफिरस्ता

नको नको, छिन्नी काढून घ्या त्यांच्या हातातून! खोल केलं की पाणी टिकणार, पाणी टिकलं की चतुर येऊन अंडी घालणार आणि त्यांची पिल्लं ह्यांची पिल्लं खाणार. उथळ आहे तेच बरंय. खडूचे नंबर पहिल्या सरीत धुऊन जातील, तिला सांगा कागदावर नकाशा काढ आणि त्यावर नंबर टाक.